हेब्रोन : एक खासगी निवासस्थान

वापरात असलेल्या इमारतीकडे कुणाचं लक्ष नसतं. ती वापरातून गेली की मात्र ताबडतोब ऐतिहासिक होते, आणि ऐतिहासिक झालेली वस्तू जपणं हे दुसऱ्या कुणाचं तरी पवित्र कर्तव्य असतं. इद्वल प्रोबर्टने हे कर्तव्य जिल्हा कचेरीच्या जुन्या वास्तूंच्या शाखेत एकतीस वर्षं बजावलं. या काळात त्याच्या टेबलावरून एक हजार एकशे चार अर्ज गेले. त्यांतले नऊ मंजूर झाले (पैकी सहा टपालातल्या गोंधळामुळे). जुन्या खिडकीला नवी काच, जुन्या भिंतीला नवं दार, जुन्या आजीला नवा कठडा, अशा सगळ्या आघातांपासून त्याने जिल्हा वाचवला. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, की इद्वल नसता तर आज हा जिल्हा ओळखूही आला नसता. लोकांनी हातमोज्यांसकट टाळ्या वाजवल्या. कचेरीची इमारतही जतन करायच्या वास्तूंच्या यादीत होती.

अशा माणसाने निवृत्तीनंतर राहायला एक बंद पडलेलं प्रार्थनाघर विकत घ्यावं, यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. फक्त त्याच्या बायकोला वाटलं.

हेब्रोन हे ब्रिनहेलिग गावचं चॅपेल. (त्याला चर्च म्हणायचं नाही. चर्च टेकडीपलीकडे आहे. चर्चमध्ये न जाणारे आणि चॅपेलमध्ये न जाणारे असे वेल्समधल्या प्रत्येक गावात दोन पंथ असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.) १८६१ साली पाटीच्या दगडाच्या खाणीत राबणाऱ्या माणसांनी दिवसा डोंगर फोडून आणि संध्याकाळी पाठ मोडून ते बांधलं. सहाशे माणसं मावतील एवढं. ती सहाशे चार स्वरांत गाऊ लागली की खालच्या ओढ्याचं पाणी दगडाआड क्षणभर थबकायचं, आणि धुकं दारापर्यंत येऊन ऐकत उभं राहायचं, असं म्हातारी माणसं सांगत. आता सांगणारी म्हातारीही थोडीच उरली होती. शेवटच्या रविवारी आत सात जण होते. सरासरी वय एकोणऐंशी. प्रत्येकाचा श्वास दिसत होता, त्यामुळे मोजणी बिनचूक झाली.

चॅपेल बंद करण्याचं अधिकृत कारण 'श्रद्धेचा ऱ्हास' असं नोंदवलं गेलं. त्यानंतर आठवड्याभरात ही वास्तू काहीही करून वाचली पाहिजे, असा ठराव गावाने एकमताने केला. सभेला एकशे बारा जण हजर होते. सभा बाहेर रस्त्यावर झाली, कारण आत फार गार होतं.

इद्वल त्या सभेत होता. गेल्या तीस वर्षांत तो हेब्रोनमध्ये पाच वेळा गेला होता: चारदा कुणीतरी गेलं म्हणून आणि एकदा टेप घेऊन. टेपच्या वेळी त्याचे डोळे भरून आले होते. आतल्या वरच्या गॅलरीची रुंदी तिन्ही बाजूंना अर्ध्या बोटाच्याही फरकाशिवाय सारखी भरली होती.

"एलुनेद, तुझ्या आईचं चॅपेल आहे गं ते," तो बायकोला म्हणाला.

"म्हणूनच सांगते," एलुनेद म्हणाली. "चौदा नंबरच्या बाकावर मी सात वर्षांची असताना गारठले होते. अजून नीट वितळले नाहीये."

जिल्ह्याच्या गावात त्यांचं एक बुटकं, उबदार, कसलंही ऐतिहासिक महत्त्व नसलेलं घर होतं. ते विकलं. एलुनेद तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "निजायच्या खोलीला दार असेल ना?"

"असेल," इद्वल म्हणाला. एकतीस वर्षांत त्याने दिलेला हा दहावा होकार.

आता त्याच्या जुन्या खुर्चीवर नेस्ता पॉवेल बसत असे. तिला कामाला त्यानेच तयार केलं होतं. १९९८ साली त्यानेच लिहिलेली जतन-पुस्तिका तिच्या उशाशी असे म्हणतात, आणि ती पाहणीला आली तेव्हा पुस्तिका तिच्या काखेत होतीच.

"सर, बाकं हलवता येणार नाहीत."

"बासष्ट बाकं आहेत, नेस्ता. आमच्याकडे एक सोफा आहे. दोन हलवली तर?"

"'बाकांची मांडणी हा अशा वास्तूचा श्वास होय.' पान बावीस."

"हे कुणी लिहिलंय?"

"तुम्ही."

"भाषा बरी आहे."

"मला पाठ आहे सर. तुम्हीच पाठ करायला लावलं होतंत."

पुस्तिकेनुसार निर्णय पुढीलप्रमाणे झाले. बाकं: जागच्या जागी. प्रवचनाचं उंच व्यासपीठ: जागच्या जागी. गॅलरीत निजायच्या खोलीसाठी आडभिंत: नामंजूर (सभागृहाची एकसंधता भंगते). छताखालच्या चोवीस वटवाघळांचं शयनगृह: कायद्याने मंजूर, आणि त्यांना एकांत मिळावा म्हणून स्वतंत्र पडदी घालण्याची शिफारस. फरशीखाली गरम पाण्याचे नळ: मंजूर, मात्र प्रत्येक फरशीला क्रमांक देऊन ती जागच्या जागी परत बसवावी. हे शेवटचं मंजूर झालं त्याचं कारण साधं होतं. पुस्तिकेत दिसणाऱ्या सगळ्या गोष्टींना मनाई होती. ऊब दिसत नाही, म्हणून तिचा विचार करायचा राहून गेला होता. पुढे जे काही झालं ते या एका उणिवेमुळे झालं.

घर तयार झालं. व्यासपीठाच्या पायथ्याशी अर्धगोल कठड्याची 'मोठी बैठक' असते. पूर्वी तिथे चॅपेलची वडीलधारी मंडळी लोकांकडे तोंड करून बसत आणि कोण जांभई देतं ते बघत. सपाट मोकळी जमीन तेवढीच, म्हणून जेवणाचं टेबल तिथे आलं. पलंग गॅलरीत चढला. तिथून सगळं दिसत असे, आणि सगळ्यांना पलंग दिसत असे. सगळे म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हा इद्वलला पडला नव्हता.

तो पहिल्या सकाळी पावणेआठला पडला. एलुनेद गाऊनमध्ये, केस मोकळे, हातात वाफाळता चहा घेऊन मोठ्या बैठकीत बसली होती. उंच खिडक्यांतून पिवळं ऊन बाकांवर ओळीने उतरत होतं, आणि पायाखालची फरशी मांजराच्या पोटासारखी उबदार होती. तिला वाटलं, नवऱ्याचं एखाद्या वेळी बरोबर असूही शकतं. तेवढ्यात मोठं दार करकरलं आणि शहाऐंशी वर्षांच्या बेव्हनबाई हातात पिवळी फुलं घेऊन मधल्या वाटेने चालत आल्या.

"बस, बस, उठू नकोस," त्या म्हणाल्या. "वाळलीस गं एलुनेद."

"बेव्हनबाई, तुम्ही इकडून कशा?"

"इकडूनच. आमचे हे मागे आहेत ना, कबरस्तानात. डोंगराकडची वाट दरडीखाली गेली तेव्हापासून आत शिरून त्या डाव्या दाराने जायचं. मी रस्त्याकडच्या भिंतीला एक छोटं फाटक मागितलं होतं वीस वर्षांपूर्वी. तुझ्या नवऱ्याने दिलं नाही." त्यांनी टेबलावरचा जाम लावलेला पावाचा एक तुकडा उचलला. "बरंच झालं म्हणा. फाटकाने गेले असते तर तू कुठे दिसली असतीस?"

खरेदीखतात तसं कलम होतं. 'मृतांच्या आप्तांस वाजवी वेळी येण्याजाण्याचा हक्क राहील.' इद्वलने ते वाचलं होतं आणि त्यातला 'मृतांच्या' हा शब्द पाहून निश्चिंत झाला होता. साडेआठपर्यंत आणखी तिघं आप्त येऊन गेले. त्यांपैकी एकाने गॅलरीकडे बघून हात हलवला, कारण इद्वल तिथे पायजमा शोधत होता.

एलुनेदने चहाचा कप धुऊन पालथा घातला आणि बॅग भरली.

"मी काही मोठं मागत नाहीये," ती म्हणाली. "सकाळचा पहिला चहा मला गाऊनमध्ये प्यायचाय, आणि समोर फक्त तू दिसला पाहिजेस. तूसुद्धा केवळ गरज म्हणून. हे जमेल त्या दिवशी कळव."

आणि ती दहाच्या बसने अ‍ॅबेरिस्टविथला बहिणीकडे गेली. तिथे भिंती होत्या. त्यांना दारं होती.

इद्वलने त्याच दिवशी कबरस्तानाच्या भिंतीला फाटक पाडण्याच्या परवानगीचा अर्ज केला. उत्तर नवव्या दिवशी आलं. 'सदर भिंतीचे सौंदर्य तिच्या अखंडतेत आहे. एका व्यक्तीच्या सोयीसाठी दीडशे वर्षांच्या शांततेला भगदाड पाडणे उचित होणार नाही. सबब अर्ज निकाली.' खाली नेस्ताची सही होती, पण वाक्य त्याचं होतं. बेव्हनबाईंना त्यानेच लिहिलेलं, अक्षर न अक्षर. त्याने ते तीनदा वाचलं. राग यायला हवा होता. पण इतकं सुबक वाक्य आपल्याविरुद्ध आजवर कुणी लिहिलं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची मान किंचित ताठ झाली.

इकडे आप्त वाढत होते. पहिल्या आठवड्यात अकरा, दुसऱ्यात एकोणीस, चौथ्यात त्रेचाळीस. हेब्रोनच्या कबरस्तानात शेवटचं दफन १९७१ साली झालेलं असल्यामुळे ही वाढ मृत्यूंमुळे नव्हती. लोक फुलं घेऊन येत, डाव्या दाराने बाहेर जात, दोन मिनिटांत गारठून परत येत आणि जरा दम खायला बाकावर टेकत. दम खायला साधारण पाऊण तास लागे. प्रत्येक जण आपापल्या घराण्याच्या बाकावरच बसे. इद्वल एकदा नऊ नंबरवर वर्तमानपत्र वाचत बसला होता. ग्रिफिथ कुटुंबातले चौघे येऊन शेजारी नुसते उभे राहिले. तो उठेपर्यंत उभे राहिले, मग बसले, आणि थोरला ग्रिफिथ म्हणाला, "राहू दे, राहू दे, पेपर इथेच ठेव."

वाडवडिलांची बाकं लोकांना इतकी अचूक आठवत होती, याची इद्वलने वहीत नोंद केली. चार वर्षांपूर्वी हीच माणसं बाहेर रस्त्यावर उभी होती, ही नोंदही करायला हवी होती. पण मग स्वतःचंही नाव घालावं लागलं असतं.

एक दिवस सतरा नंबरवर एमलिन पेटीवाला दिसला. (तो सुतार. गावात माणसाला धंद्यावरून ओळखतात. एमलिन कपाटं करतो, आणि मागणी आली तर कबरीत उतरवायच्या पेट्याही.)

"एमलिन, कुणाची कबर?"

"कुठली?"

"तू कबरीला आलायस ना."

"छे रे. आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. एक मावशी आहे चौऱ्याण्णवची, तिच्यावर भिस्त आहे." त्याने बूट काढून मोजे फरशीला टेकवले. "तोवर बसतो."

इद्वलने उपाय केले. दारावर पाटी लावली: 'हे खासगी निवासस्थान आहे'. नियमाप्रमाणे दोन भाषांत, सारख्या आकारात, वेल्श वर. लोकांनी ती वाचली, पाटीचं कौतुक केलं आणि पाय पुसून आत आले. मग त्याने कोकरू उपाशी ठेवावं तशा जड मनाने गरम पाण्याचा नळच बंद केला. दोन दिवसांत हेब्रोन पूर्वीसारखं झालं. श्वास दिसू लागले. इद्वल मोठ्या बैठकीत तीन स्वेटर घालून विजयी मुद्रेने बसला.

तिसऱ्या दिवशी लोक घोंगड्या घेऊन आले. बेव्हनबाईंनी मटण-कांद्याचं सूप आणलं, ग्रिफिथांनी मनुकांचा पाव आणला. "बायको गेली, आता घरात विस्तवही नाही," बेव्हनबाई म्हणाल्या. "पुरुषमाणूस असा खचतो. आपण याला एकटं सोडायचं नाही." तेव्हापासून कुणी एकटं सोडलं नाही. पाळ्या लावल्या गेल्या. इद्वलने नळ पुन्हा उघडला, आणि महिनाभरात त्याचं वजन चार किलो वाढलं.

तो जेवायला टेबलावर बसला की समोर तीस-चाळीस माणसं बाकांवर त्याच्याकडे तोंड करून बसलेली असत. बाकं तशीच आहेत, त्याला कोण काय करणार? एका दुपारी तो बटाटा सोलत असताना मागच्या बाकावर कुणीतरी एक जुनं भजन गुणगुणलं. दुसऱ्याने त्यात वरचा सूर मिसळला, बायकांनी तिसरा. चौथ्या सुराला कुणी नव्हतं. खालच्या ओढ्याला पाणी कमी पडावं तशी ती ओळ उघडी पडली, आणि इद्वलच्या तोंडून, सुरी हातात, बटाटा अर्धा, त्याच्या बापाचा खर्ज निघाला. बाप खाणीतला. त्याला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तो सूर इतकी वर्षं कुठल्या फरशीखाली थांबला होता कोण जाणे. भजन संपलं तेव्हा इद्वलने डोळे पुसले आणि वहीत लिहिलं: 'ध्वनिगुण उत्तम.'

पण एलुनेदला कळवण्यासारखं काही नव्हतं. तो तिला रोज फोन करी.

"आज किती?" ती विचारी.

"एक्कावन्न."

"सूप कसलं होतं?"

"मटणाचं."

"मग तुझं बरं चाललंय," असं म्हणून ती फोन ठेवी. ठेवण्यापूर्वी जरा थांबे. त्या थांबण्यावर इद्वल दुसऱ्या दिवसापर्यंत जगे.

त्याने वरच्या समितीकडे दाद मागितली. मागण्या दोन: भिंतीला फाटक, आणि गॅलरीत दार असलेली खोली. समितीने जागेवर येऊन पाहणी करायचं ठरवलं, आणि सभासदांना सवड असलेला एकच दिवस निघाला, तो रविवार. बाधित व्यक्तीने हजर राहावं असा नियम होता. म्हणून एलुनेदला यावं लागलं.

ती आली तेव्हा हेब्रोन भरलं होतं. समितीचे सात सभासद मागच्या ओळीत जाऊन बसले होते (सवयीने; कुणी सांगितलं नव्हतं). एलुनेदला उभं राहायला जागा नव्हती. फक्त चौदा नंबर रिकामं होतं. एवढ्या गर्दीत, एवढे दिवस, त्या बाकावर कुणी बसलं नव्हतं.

ती बसली. हात आपोआप पुढच्या फळीखाली गेला आणि बोटांना ती खूण लागली: सातव्या वर्षी केसातल्या पिनेने कोरलेली एक चिमणी, जिला शेपूट काढायच्या आत प्रवचन संपलं होतं. छताच्या फळ्या एकशे अठरा होत्या. तेव्हाही तेवढ्याच भरल्या होत्या. एका बाजूला आईच्या कोटाची ऊब, दुसऱ्या बाजूला दगडाची थंडी आणि मधे ती, असं तिचं सगळं बालपण त्या बाकावर गेलं होतं. आज दोन्ही बाजूंना ऊब होती आणि आई नव्हती. गाणं सुरू झालं. ती गायली.

समितीने तिथेच निर्णय वाचून दाखवला. 'पाहणीअंती असे दिसून आले की, वास्तूचा मूळ वापर अखंड व समाधानकारकपणे चालू आहे. अर्जदाराचे तेथील वास्तव्य या वापरास फारसे बाधक नाही. अर्जदाराने ते यापुढेही शांततेने करावे. फाटक: नामंजूर. गॅलरीतील खोली: नामंजूर. पलंग भाविकांचे लक्ष विचलित करत असल्याने तो गॅलरीतून त्वरित हलवावा.' लोकांनी मान डोलावली. पलंगाबद्दल बरेच दिवस त्यांना बोलायचं होतं.

"मग हलवायचा कुठे?" इद्वलने विचारलं. त्याचा आवाज अर्जाच्या आवाजासारखा झाला होता.

नेस्ताने पुस्तिका चाळली. "सर, उजव्या दारामागची चहाची खोली आहे ना, १९५४ ची. तिच्यात जपण्यासारखं काहीच नाही. ती यादीत नाही. तिथे तुम्ही काहीही करू शकता."

बारा फूट बाय चौदा. छत बुटकं. भिंतीला फिकट हिरवा तेलरंग, एक ओटा, एक शेगडी, चहाचे एकशे वीस कप. इद्वलने टेपच्या दिवशी ती मोजलीही नव्हती. एलुनेद आत गेली. तिने दार लावलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या इद्वलला आतून कडी सरकल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने कडी परत निघाली.

"दार आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी पावणेआठला त्या खोलीत एलुनेद गाऊनमध्ये चहा पीत होती. दाराबाहेर पावलं येत होती, जात होती. बेव्हनबाई ग्रिफिथांना आपली फुलं दाखवत होत्या.

"फक्त तू दिसतोयस," एलुनेद म्हणाली.

"गरज म्हणून," इद्वल म्हणाला.

"गरज म्हणून." तिने त्याला मनुकांच्या पावाचा तुकडा दिला. "पण रविवारी नाही हं. रविवारी मी चौदा नंबरवर असेन."

अशा रीतीने सहाशे माणसांची एक ऐतिहासिक वास्तू यशस्वीपणे निवासस्थान झाली. तिच्यात गाव राहतं. मालक मागच्या खोलीत राहतो, आणि तो अडचण करत नाही असं सर्वांचं मत आहे.

वाचकांच्याही गावात अशी एखादी वास्तू असेलच: जुनं वाचनालय, जुनी शाळा, नाटकाचं थिएटर, जी पाडता कामा नये असं आपलं ठाम मत आहे, आणि जिच्यात आपण शेवटचे कधी गेलो होतो ते आठवण्यासाठी तुम्ही आत्ता या ओळीवर थांबलेले आहात. उगाच मनाला लावून घेऊ नका आणि घाईही करू नका. आधी कुणीतरी तिथे राहायला जाऊ द्या. मग फुलं घेऊन जा. आत कुणी गाऊनमध्ये चहा पीत बसलेलं दिसलं, तर 'वाळलीस गं' एवढं म्हणा आणि आपली जागा बघून बसा. ऊब असेल. तुम्ही तिचीच तर वाट बघत होतात.